थकलेले वेतन हेही कर्जच

गृहकर्जाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘वैमानिक’ असे लिहिलेले असले, की छाननी करणाऱ्या बँक अधिकाऱ्याची लेखणी सहसा अडखळत नसे. वेतन भरघोस, आयकराची विवरणपत्रे चोख, आणि उड्डाणाची वयोमर्यादा 65 वर्षांची. अशा अर्जदाराच्या परतफेडीविषयी शंका घ्यावी तरी कशी? जेट एअरवेजच्या 2019 मधील अखेरीने या समजुतीला तडा दिला.

5 मे 1993 रोजी उड्डाणे सुरू करणारी ही मुंबईची कंपनी दीर्घकाळ खाजगी विमानसेवेतील अग्रणी होती. 2007 मध्ये तिने एअर सहारा 1,450 कोटी रुपयांना विकत घेतली. हा घास तिला पचला नाही, असे मत तेव्हाही व्यक्त झाले होते. पुढे स्वस्त तिकिटांची स्पर्धा, महागडे इंधन आणि डॉलरमध्ये द्यावे लागणारे विमानांचे भाडे यांनी ताळेबंद पोखरला. बँकांचे देणे आठ हजार कोटींच्या पुढे गेले. 25 मार्च 2019 रोजी संस्थापक नरेश गोयल संचालक मंडळावरून दूर झाले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी 1,500 कोटींपर्यंत तातडीची मदत देण्याचे ठरविले होते. ती प्रत्यक्षात आलीच नाही. 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले उड्डाण हे शेवटचे ठरले.

त्या रात्रीपर्यंत वैमानिक विमाने चालवीत होते, तेही जानेवारीपासूनच्या वेतनाविना. त्यांच्या संघटनेने 1 एप्रिलपासून उड्डाणे थांबविण्याचा इशारा दिला, तो 15 एप्रिलपर्यंत पुढे ढकलला आणि मग पुन्हा स्थगित केला. कंपनी वाचली तर नोकरी वाचेल, हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा होता. परंतु जमाखर्चाच्या भाषेत या संयमाचा अर्थ निराळाच होतो. ज्या महिन्याचे काम झाले आणि वेतन मिळाले नाही, त्या महिन्यापुरता नोकर हा मालकाचा धनको होतो. बँक कर्ज देताना तारण घेते, व्याज आकारते, जामीनदार मागते. वैमानिकाने दिलेल्या या कर्जाला तारण नाही, व्याज नाही, मुदतही नाही. शिवाय त्याच काळात त्याच्या घराचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतच असतो. म्हणजे स्वतः व्याज भरून त्याने कंपनीला बिनव्याजी पैसा पुरविला. सराफकट्ट्यावरचा कोणताही जुना सावकार असा व्यवहार ऐकून हसला असता.

मग त्याने वेळीच नोकरी का सोडली नाही? येथे या पेशाची खरी अडचण आहे. वैमानिकाचा परवाना विशिष्ट बनावटीच्या विमानाशी जोडलेला असतो. जेटचा बोइंग 737 चालविणारा वैमानिक एअरबस ए 320 वापरणाऱ्या इंडिगोत गेला, तर त्याला नव्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर नवी नोंद करवून घ्यावी लागते. ज्येष्ठता ही त्या त्या कंपनीची असते. वीस वर्षांचा कॅप्टन नव्या ठिकाणी यादीच्या तळाशी जातो. त्यातच 2017 पासून कॅप्टनसाठी राजीनाम्याची पूर्वसूचना एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची करण्यात आली. शिवाय हे कौशल्य वापराविना टिकत नाही. मागील 90 दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन विमान उडविता येत नाही. हिशेबनीस घरी बसला तरी त्याची वाणिज्य पदवी शिळी होत नाही. वैमानिकाचे तसे नाही. जेटची काही बोइंग विमाने स्पाइसजेटने भाड्याने घेतली आणि त्यांच्यासोबत काही वैमानिकांनाही काम मिळाले, हे त्यांचे सुदैव.

जून 2019 मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. ज्यांनी विमाने उडविली, त्यांनाही थकबाकीसाठी इतर धनकोंप्रमाणे विहित नमुन्यात दावा दाखल करावा लागला. अवसायनात मालमत्तेची विक्री झाली, की प्रक्रियेच्या खर्चानंतर तारणधारक बँका आणि कामगारांची 24 महिन्यांची देणी एकाच पायरीवर येतात. अन्य कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची देणी त्याखालच्या पायरीवर. वैमानिकाला ‘कामगार’ म्हणावे की नाही, हा प्रश्न न्यायालयांत वारंवार वादाचा ठरला आहे. या एका शब्दावर कुटुंबाचे लाखो रुपये अवलंबून असतात, ही गोष्ट नेमणूकपत्र घेताना कोणाच्या ध्यानी येते?

भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची गोष्ट थोडी वेगळी. अपील न्यायाधिकरणाने ही रक्कम कर्मचाऱ्यांना देण्याचा आदेश दिला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जालन-कालरॉक समूहाची पुनरुज्जीवन योजना 2021 मध्ये मंजूर होऊनही व्यावसायिक प्रवासी उड्डाणे पुन्हा सुरू झाली नाहीत. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.

दरम्यान मे 2023 मध्ये गो फर्स्टचीही उड्डाणे थांबली. तेथील तरुण सहवैमानिकांपैकी अनेकांच्या डोक्यावर प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज होते, आणि पुष्कळदा त्यासाठी वडिलांचे घर गहाण पडलेले असते. मुलाला वैमानिक करू इच्छिणाऱ्या घरांत शुल्काची चौकशी बारकाईने होते. पुढे तो ज्या कंपनीत रुजू होणार, तिचे वार्षिक अहवाल चाळावेत, विमाने स्वतःची किती व भाड्याची किती हे पाहावे आणि पहिल्याच थकलेल्या वेतनाच्या महिन्यात हप्त्याची सोय कशी करायची हे आधी ठरवावे, एवढी चौकशीही त्याच बैठकीत होऊ शकते.