चाकांवरचें घर आणि एक झरोका

मे महिन्याची सुटी लागली कीं सारें जग एकदम प्रवासास निघतें, आणि आपल्या वाट्यास प्रवासापेक्षां रांगच अधिक येते. म्हणून अलीकडे पुष्कळ कुटुंबांत अशी कल्पना निघते कीं, एखादी जुनी मालवाहू व्हॅन घ्यावी, तिच्यांत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करावी, आणि इतर लोक घरीं बसतात अशा दिवसांत सावकाश हिंडावें. आमच्या घरींही गेल्या वर्षीं ही हौस शिरली. तिचा जो अनुभव आला तो वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण त्यांत हौसेइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

कल्पना कांहीं नवी नव्हे. आपलीं वाडवडील मंडळी बैलगाडीनें यात्रेस जात, रात्रीं तिच्यांतच निजत. चूल मात्र झाडाखालीं मांडीत. इंग्लंडांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं केवळ हिंडण्यासाठीं घोड्यांची राहती गाडी बांधवून घेतली. जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ पासून फोक्सवागनच्या गाडींत बसविण्याची झोपण्या-जेवण्याची पेटी विकण्यास आरंभ केला. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ मध्यें कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे.

आमच्या पुतण्यानें भाजीपाला वाहणारी एक वापरलेली व्हॅन घेतली, आणि सुताराच्या मदतीनें दोन महिन्यांत तिचा कायापालट केला. आंतून फळ्यांचें अस्तर, घडीचा बिछाना, भांड्यांची फडताळें, पडदे, सारें कसें झकास झालें. मातोश्रींचें वय ७८. गुडघ्यांमुळें बसचा प्रवास त्यांस झेपत नाहीं, आणि ऐन हंगामाच्या गर्दींत तर मुळींच नाहीं. तेव्हां हें घर त्यांच्यासाठींच, असें सर्वानुमतें ठरलें.

पहिला मुक्काम आषाढांत शेणव्यास केला. शहापूरहून किन्हवलीच्या बाजूस जातांना हें गांव लागतें. तेथील एका स्नेह्यांच्या अंगणांत गाडी उभी केली. चोहोंकडे भाताची लावणी चालली होती. डोक्यावर इरलीं घेतलेल्या बाया चिखलांत वाकून रोपें लावीत होत्या. मातोश्री खिडकींतून तें पाहतां पाहतां अगदीं रमून गेल्या. रात्रीं पावसानें झोडपण्यास सुरुवात केली, तेव्हां आम्हीं साऱ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. पहाटे पाहतों तों छताचा पत्रा ठिबकत होता आणि पांघरुणें ओलीं झालीं होतीं. पाऊस आंत आला नव्हता. तिघांच्या श्वासांतील वाफच थंड पत्र्यावर गोठून पाणी झाली होती. मातोश्रींचे गुडघे आंखडले होते, म्हणून पुतण्यानें मोठ्या मायेनें कोळशाची शेगडी पेटवून त्यांच्या पायांशीं ठेवली. दार बंदच होतें.

अर्ध्या तासानें मातोश्री म्हणाल्या, "अरे, डोकें जड झालें आहे." आमचेंही झालें होतें, तें आम्हीं जागरणावर घातलें. त्या उठूं लागल्या आणि तोल जाऊन खालीं बसल्या. सुदैवानें त्याच वेळीं यजमानीणबाई चहा घेऊन आल्या व त्यांनीं दार उघडलें. मातोश्रींस ओटीवर आणून निजविलें, डॉक्टरांस दाखविलें. दुपारपर्यंत त्यांस बरें वाटलें. यजमानीणबाईंस पांच-दहा मिनिटें उशीर झाला असता तर काय झालें असतें, याचा विचार आजही आम्हांस करवत नाहीं.

जळत्या कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीवही न होतां ग्लानींत जातो. २०२४ च्या डिसेंबरांत केरळांतील वडकरा येथें रस्त्याकडेला थांबलेल्या एका कॅरव्हॅनमध्यें दोघे इसम मृतावस्थेंत आढळले. जनित्राचा हाच वायु आंत शिरला होता. हंगामाबाहेर हिंडणारांस हा धोका विशेष आहे. कारण पाऊस आणि थंडी ह्या दोन्ही गोष्टी माणसास खिडक्या लावावयास शिकवितात.

त्या दिवशीं आम्हीं जवळच्या एका वाडीवरील घर पाहिलें. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणानें सारविलेल्या, वर कौलें. आंत चूल पेटलेली होती, पण धूर कौलांच्या फटींतून सहज बाहेर जात होता. तें घर श्वास घेत होतें. आमचा शोभिवंत डबा घेत नव्हता. मातोश्री इतकेंच म्हणाल्या, "घर बांधतांना आधीं धुराड्याची जागा धरतात, मग चुलीची. तुम्हीं पडद्यांपासून सुरुवात केलीत."

त्यानंतर सारें काम नव्या क्रमानें केलें. पहिला क्रम कागदांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं न जुळणारा फेरफार मालकास परस्पर करतां येत नाहीं; जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसेंच बजाविलें. मालवाहू गाडी आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हे दोन निराळे वर्ग असून, राहत्या मोटारींसाठीं 'एआयएस १२४' हें स्वतंत्र मानक आहे. म्हणून करवत हातीं घेण्यापूर्वींच परिवहन कचेरींत लेखी विचारणा करावी व विमा कंपनीस कळवावें. पुतण्यानें हें शेवटास ठेविलें होतें. त्यामुळें गाडी चार महिने अंगणांत उभी राहिली, आणि मातोश्री तिच्यांत बसून दुपारची पोथी वाचीत.

दुसरा क्रम हवेचा. छतास पावसाची टोपी असलेला झरोका व पंखा हवा, आणि तळाशींही एक जाळीचें छिद्र हवें. कारण स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें गळल्यास खालीं सांचतो. वायूची सूचना देणारी घंटी बिछान्याजवळ असावी. शेगडी गाडींत नकोच.

तिसरा क्रम वजनाचा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझें. तें खालीं, दोन्ही आंसांच्या मध्यें ठेवावें. चौथा विजेचा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२०० वॅट-तास सांठविते; शिशाची असल्यास त्यांतील निम्मीच वापरावी. २० वॅटचा पंखा दहा तास चालविल्यास २०० वॅट-तास लागतात, म्हणजे दोन रात्री निश्चिंतपणें निघतात. आषाढांत सौर पॅनेलवर मात्र भरंवसा ठेवूं नये. पडदे सर्वांत शेवटीं.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां शेणव्यास गेलों. भात कापून झालें होतें. रात्रीं थंडी पडली, तरी झरोका उघडाच ठेविला आणि मातोश्रींस एक घोंगडी अधिक दिली. सकाळीं छत कोरडें होतें. यजमानीणबाई चहा घेऊन आल्या, तों मातोश्री आधींच उठून अंगणांतल्या चुलीशीं हात शेकीत बसल्या होत्या.