चोक नेमका कुठला?

भिवंडीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात 'इलेक्ट्रिक चोक द्या' म्हटलं, तर दुकानदार ट्यूबलाइटचा चोक काढून देईल. यंत्रमागाच्या गावात चोक म्हणजे तोच. गॅरेजमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथे 'चोक झालंय' म्हणजे जेट तुंबलंय, पेट्रोल येत नाही. आणि 'चोक दे' म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल दे. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ! भाषेचा मास्तर म्हणून मला याची गंमत वाटते, पण त्यात नुकसान गरिबाचं होतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर जवळपास गेला. पण आमच्या खारबावहून गोदामांकडे कामाला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या सेकंडहँड. कार्बोरेटर गेला की बाजारात मिळेल तो बसतो. कधी त्याच्यावर ऑटो चोकची काळी डबी असते, दोन वायरी लोंबकळत, आणि गाडीत त्यांच्या जोडीचं कनेक्टरच नसतं. मग जिथे करंट दिसेल तिथे जोड.

डबीत मेण असतं आणि बारीक हीटर. थंड असताना जादा पेट्रोलची वाट उघडी राहते. करंट आला की मेण तापून फुगतं, दांडी पुढे सरकते, सुई वाट बंद करते. काही मिनिटांचं काम. वायरी मोकळ्या सोडल्या तर वाट बंदच होत नाही: प्लग काळा, धूर, ॲव्हरेज पडलेलं. थेट बॅटरीवर जोडल्या तर रात्रभर करंट खाणार, आणि सकाळी थंड इंजिनाला चोक मिळणारच नाही. चावीवर जोडणं बरं, पण चावी नुसती फिरवून ठेवली तर इंजिन थंड असतानाच चोक बंद होतो. हेडलाइट मॅग्नेटोवर चालत असेल, तर रेग्युलेट झालेली तीच लाइन घ्यावी. इंजिन फिरेल तेव्हाच तिथे करंट असतो.

उस्ताद शागिर्दाला सांगतो, 'पिवळी इथे, हिरवी तिथे.' पुढच्या गाडीत रंग बदलले की शागिर्द अडला. हुनर हातात आलं, त्यामागचं 'का' राहून गेलं. यात उस्तादाला मी दोष देणार नाही. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. दोष आम्हा शिक्षकांकडे जातो. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे आम्ही दरवर्षी शिकवतो, रुळांमधल्या फटीचं तेच जुनं उदाहरण देऊन. बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' घोकलं होतं ना? दहावीनंतर आमची कितीतरी मुलं गॅरेजलाच जातात. 'अभ्यासात कच्चा होता, गॅरेजला घातला' असं घरी म्हणतात, स्टाफरूममध्येही. काळा प्लग बघून वायर कुठे चुकली हे ओळखणारा मुलगा कच्चा कसा?

कुणी म्हणेल, बॅटरीवरच्या गाड्या आल्या, आता कार्बोरेटर कशाला शिकवायचा? ज्याचा खाडा स्कूटर चालू न झाल्याने पडतो, त्याला हे विचारून बघा. आणि 'या वायरीत करंट कधी असतो?' हा प्रश्न बॅटरीवरच्या गाडीतही सुटत नाही.

काढून टाकलेल्या कार्बोरेटरवरची चालू डबी गॅरेजवाला बहुधा फुकट देईल. बारा व्होल्टची बॅटरी जोडावी. दर मिनिटाला दांडी किती बाहेर आली ते मुलांनी पट्टीने मोजावं आणि लिहून काढावं, उर्दूत की मराठीत ते त्यांनीच ठरवावं.