फोनातला उपदेश आणि तळ्यातलं पाणी



मागल्या महिन्यात पनवेलच्या आपल्या वस्तीत एक संस्था येऊन गेली. विहारात पडदा लावला. पडद्यावर एक बाई अवतरल्या. त्या कुठल्याशा एसी खोलीत, आपण इथं सतरंजीवर घामाघूम. बाई म्हणाल्या, तुमच्यातल्याच दहा मुलामुलींना आम्ही व्हर्च्युअल हेल्थ कोच बनवणार. कोच म्हटलं की आपल्याला पनवेल लोकलचा डबा आठवतो. हा कोच निराळा. हा फोनवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणार: मीठ कमी करा, तेल कमी करा, रोज चाला, बीपी मोजा, गोळी चुकवू नका. मग चित्रं आली. ओट्स, बदाम, काकडी, बागेतला सकाळचा फेरफटका.

मागं आमची आत्या बसली होती. पहाटे चारला उठून पाण्याच्या रांगेत हंडा लावणारी, मग खारघरच्या टॉवरात चार घरची भांडी घासणारी. ती उठली नि म्हणाली, "बाई, मी रोज सात मजले चढते. लिफ्टमधी आमाला घेत नायत. अजून किती चालू?"

पडद्यावरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "व्हेरी गुड!"

सगळं विहार हसलं. मीही हसलो. घरी आलो नि हसू घशात अडकलं. कारण आत्याचे पाय संध्याकाळी सुजतात, तिला दम लागतो, आणि तिचा बीपी आजवर एकदाही कुणी मोजलेला नाही. ना त्या संस्थेनं, ना आम्ही.

म्हणून हा लेख. संस्थेच्या नावानं चार शिव्या घालून मोकळं होणं सोपं होतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही.

आधी एक खोटं गाडून टाकू. बीपी, शुगर हे शेटजींचे रोग आहेत, आपण कष्टकरी, आपल्याला कशाला होतील, हे ते खोटं. अरे, तळोज्याच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करायची, कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर माल उचलायचा, भूक मारायला वडापाव नि झोप मारायला तंबाखू, आणि हे सगळं विसरायला क्वार्टर. यातून हृदय काय फुलासारखं राहणार? रक्तदाब बोंबलत येत नाही. तो गुपचूप नसा खातो. माणूस म्हणतो "मला काय झालंय?" आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या एका अहवालानं सांगितलं की भारतात दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी 14.6 वर्षं आधी मरते. साडेचौदा वर्षं! रॉकेल ओतून जाळलं तर मोर्चा निघतो. साडेचौदा वर्षं शांतपणे कापून घेतली तर साधी घोषणासुद्धा नाही.

तेव्हा वस्तीतल्या पोरीला बीपी मोजता यावा, शुगर कळावी, गोळी का सोडायची नाही हे आपल्या भाषेत सांगता यावं, हे हवंच. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दोन मिनिटं देतो, नाव विचारतो, आडनावावर थांबतो. शेजारची पोरगी थांबणार नाही. आत्याला "मावशी" म्हणून ती चुलीजवळ बसेल.

पण प्रश्न हा आहे, की ती पोरगी काय सांगायला शिकणार आणि काय विचारायला शिकणार?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच महामार्गावर, महाडला आहे. 19 मार्च 1927. बाबासाहेबांनी परिषदेत लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं शिळं सोडा, स्वाभिमानानं जगा. आजच्या भाषेत म्हणायचं तर जगणं बदलण्याचा उपदेशच तो. पण बाबासाहेब तिथं थांबले का? दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, त्यांनी हजारोंना घेऊन चवदार तळं गाठलं आणि ओंजळीनं पाणी प्याले. आदल्या दिवशी उपदेश, दुसऱ्या दिवशी तळं. ही जोडी ज्यानं तोडली त्यानं महाड तोडलं.

आणि अजून एक लक्षात ठेवा. त्या तळ्याचा हक्क आपल्याला आधीच मिळालेला होता! बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 ला झाला. महाड नगरपालिकेनं 1924 ला तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. म्हणजे त्या काळातला व्हर्च्युअल हक्कच की तो! दिसतो, पण तहान भागवत नाही. त्याला ओंजळीत आणायला डोकी फुटावी लागली, आणि कोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं.

आता या नव्या कोचच्या हातात काय आहे? नुसता आदल्या दिवसाचा उपदेश. दुसऱ्या दिवसाचं तळं गाळलेलं आहे. तो सांगणार, भरपूर पाणी प्या. नळाला पाणी कधी येतं हे विचारणार नाही. तो सांगणार, मोकळ्या हवेत श्वास घ्या. तळोज्याची हवा कोण नासवतं हे विचारणार नाही. कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. त्या नदीकाठच्या माणसाला कोच काय सांगणार, दीर्घ श्वसन करा? 16 एप्रिल 2023 ला याच खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं भर दुपारी उन्हात बसवली. मंचावर मंडप, माणसांवर सूर्य. उष्माघातानं 14 जणं गेली. "उन्हात जाऊ नका" हे त्या माणसांना शिकवायचं होतं, की सावली न करणाऱ्यांना?

रोग तुझ्या सवयीत आहे, तुझ्या जिभेत आहे, तुझ्या आळसात आहे, असं एकदा गरिबाच्या गळी उतरवलं की नळ, गटार, पगार, कंपनी, नगरपालिका सगळे निर्दोष सुटतात. पूर्वी सांगायचे, तुझं पूर्वजन्मीचं कर्म. आता सांगतात, तुझी लाइफस्टाइल. भाषा बदलली, भटजी तोच! 2020 ला करोनात मोहीम निघाली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. ठीक आहे बाबा, कुटुंब माझं, जबाबदारी माझी. मग तुझं काय? आणि ती मोहीम दारोदार कुणी नेली? आशाताईंनी.

वस्तीतल्या माणसाला शिकवून स्वस्तात राबवायचं, हे काही आजचं नाही. 2 ऑक्टोबर 1977 ला सरकारनं गावोगाव आरोग्य कार्यकर्ता नेमला. मानधन महिन्याला 50 रुपये. पुढं त्याला कार्यकर्ता म्हणणंही जड वाटलं; तो स्वयंसेवक झाला, मग मार्गदर्शक झाला. 2005 ला आशा आली. ती कामगार नाही म्हणे, स्वयंसेविका आहे. कामाप्रमाणे मोबदला. 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला आणि 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा संप करून आझाद मैदानात बसल्या होत्या. गौरव जिनिव्हात, बाई मैदानात. अंगणवाडी ताईंचं तेच. ॲप इंग्रजीत, फोन निकृष्ट. 2021 ला त्यांनी सरकारचे फोन सरकारला परत केले. याला म्हणतात लढा! आता हा कोच म्हणजे आशाची पुढली स्वस्त आवृत्ती निघाली तर आपल्या बारावी झालेल्या पोरी पुन्हा फुकटात राबणार.

म्हणजे हे काम होतच नाही का? होतं. जामखेडला झालं. 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अडाणी म्हणवलेल्या बायका घेतल्या, त्यात दलित बायकाही होत्या, आणि त्यांना बाळंतपण, हगवण, कुष्ठरोग शिकवला. प्रशिक्षणात सगळ्या जातींच्या बायका एका मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. बोअरवेल पाडली ती दलित वस्तीत, म्हणजे पाण्याला गावच वस्तीत येणार! बघा, इथं उपदेश नि तळं बरोबर आहेत. आपल्या रायगडातसुद्धा, मांडव्याला, डॉ. अंटियांनी सत्तरच्या दशकात गावातल्या बायकांना हे ज्ञान दिलं. ज्ञान कुणाच्या बापाचं नाही. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घालून यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच प्लेगनं गेल्या. त्यांनी फोन नाही केला.

आता आपलं आपण बोलू. कडू आहे, गिळा.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून आणलं. त्या पँथरनी बंदूक दाखवली हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांनी 1970 ला प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना काढायला सांगितलं, 1971 ला सिकलसेलची चाचणी करत गल्ल्या पालथ्या घातल्या, हे कितीजणांना ठाऊक? तो सिकलसेल आपल्या विदर्भातल्या बौद्धांच्या नि आदिवासींच्या रक्तातही आहे. आपल्या 1973 च्या जाहीरनाम्यानं औषधोपचाराची मागणी सरकारकडं केली, बरोबर केली. पण नाव आणलं नि दवाखाना तिकडंच ठेवला! आपल्याला आरोग्य म्हणजे बायकी, सुधारकी, मिशनरी काम वाटलं.

गेल्या वर्षी आपला एक जुना कार्यकर्ता गेला. बावन्न वर्षांचा. मोर्चात कायम पुढं. "बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी सोडली होती. आपण हार घातला, लाल सलाम, जय भीम, डोळे पुसले. पन्नास जणांत एकानंही त्याला गोळीचं विचारलं नव्हतं. जयंतीच्या डीजेला आपण वर्गणी काढतो. बीपीच्या यंत्राला कधी काढली? बाबासाहेब स्वतः मधुमेहानं पोखरले होते, 65 व्या वर्षी गेले. त्यांच्या फोटोखाली गुटख्याची पुडी फोडणाऱ्यांनी हे आठवावं.

म्हणून त्या संस्थेला आपलं उत्तर असं असावं. शिकवा. आम्ही शिकतो. पण अटी आमच्या.

एक. काम करणाऱ्याला पगार. मानधन, शाबासकी, प्रमाणपत्र यांच्यावर चूल पेटत नाही.

दोन. फोनच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर पाहिजे, आणि वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात गोळी पाहिजे. औषध नसलेला सल्ला म्हणजे शिवी.

तीन. कुणाला कुठला रोग, ही माहिती वस्तीची. ती विमा कंपनीला नाही, मालकाला नाही. नाव वगळून आकडे मात्र आम्ही चव्हाट्यावर मांडू: अमुक गल्लीत दमा इतका, तमुक नळावर कावीळ इतकी. आणि तो कागद घेऊन पनवेल महानगरपालिकेवर जाऊ.

चार. शिकणाऱ्यांत सफाई कामगाराची पोर हवी, वीटभट्टीवरची कातकरी बाई हवी. नुसती इंग्रजी येणारी नकोत.

मान्य असेल तर पडदा लावा. नसेल तर उचला. यंत्र आम्ही वर्गणीतून आणू.

लेख संपवून मी आत्याकडं चाललोय. मेडिकलवाल्याचं यंत्र तासाभरासाठी मागून घेतलंय. आत्याचा बीपी मोजणार. आणि मोजता मोजता त्या टॉवरचं नाव विचारणार, जिथं तिला लिफ्टमध्ये घेत नाहीत. तिथं रविवारी जायचंय. कोण कोण येतंय?

जय भीम!