गोळी, इशारा आणि देखरेख

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. शाळा तेवढी उभी राहिली. अशा प्रसंगातून वाचलेले मूल पावसाच्या आवाजाने दचकले, तर त्यास रोगी म्हणावे काय? आजी, गुरुजी, शेजार हीच त्याची पहिली चिकित्सा. मात्र महिनोन् महिने झोप उडाली, मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर देवऋषीच्या दारी दिवस घालवणे घातकच.

नैराश्यावरील गोळ्यांमुळे मुलांत आत्मघाताचे विचार बळावू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. गोळीविरोधक एवढेच सांगतात. त्याच प्रशासनाने २००३ मध्ये मुलांच्या नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन मान्य केले होते, हे सांगत नाहीत. इशाऱ्याचा अर्थ इतकाच की, आरंभीचे आठवडे मुलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात ते ठेवायचे कोणी? डॉक्टर पुण्यात, मूल आश्रमशाळेत, आईबाप मजुरीसाठी नारायणगावकडे! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीनांस विजेचे झटके देण्यापूर्वी पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. गोळीनंतरच्या देखरेखीस मात्र कोणी धनी नाही. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने ती आश्रमशाळांच्या अधीक्षकांकडे रीतसर सोपवावी. आणि पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ‘गोळ्या सोडा’ असा सल्ला कृपया देऊ नये. त्या एकाएकी थांबवणेही अपायकारक असते.