तान्हं बाळ आणि टीव्ही

मैत्रिणींनो, रोवणीचे दिवस आले की आपल्या गोंदियाकडे सुना बांधीत आणि घरी आजी नि तान्हं बाळ. बाळ रडलं, लाव टीव्ही. जेवत नाही, दे मोबाईल! बाळ गप्प होतं खरं, पण गप्प बसून ते बोलायला कसं शिकणार?

बाळाने ‘बा’ म्हटलं की आजी ‘बा, बा’ म्हणून हसते. या देवघेवीतूनच बोली येते. टीव्ही नुसता बोलतो, ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांच्या आत टीव्ही नको. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्यांना सूट दिली ती एकच: नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल. परगावचे बाबा उत्तर देतात ना!

पण आजीला नुसतं ‘टीव्ही लावू नका’ म्हणून भागत नाही, बरं का. तिलाही घरची कामं असतात. चुलीपासून दूर, पण नजरेसमोर बाळाला बसवावं. वाटी-चमचा, रिकामा डबा द्यावा आणि काम करता करता बोलत राहावं. आजीची मालिका? बाळ झोपल्यावर खुशाल बघू द्या!