पटावरील बलिदान

पावसाळ्यात कुळगीच्या मैदानात चिखल माजतो, आणि मग मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचे पट बाहेर निघतात. गेल्या पावसाळ्यात असाच एक डाव आम्ही पाहत उभे होतो. नववीतील एका मुलाने आपला घोडा मुद्दाम मारू दिला आणि मोठ्या ऐटीत म्हटले, "गुरुजी, बलिदान!" त्यावर समोरचा मुलगा आमच्या घरच्याच कोंकणीत उत्तरला, "घोड्याक विचारलें तुवें?" सारे हसले. आम्हीही हसलो, परंतु तो प्रश्न काही मनातून गेला नाही. डावाच्या आरंभीच मोहरे देऊन टाकण्याची ही कल्पना मुळात आली कोठून?

"आपल्याकडूनच," असे उत्तर देण्याचा मोह होतो. खेळ आपला, तेव्हा त्यातील सारेच आपले, अशी एक सोयीची समजूत आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी 'नीतिमयूखा'त या खेळाचे विवेचन केले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृत ग्रंथ १८१४ साली इंग्रजी रूपात मुंबईस छापला गेला. ही परंपरा अभिमान वाटावा अशीच आहे. पण शास्त्रीबुवांचा ग्रंथ मुख्यत्वे निवडक बिकट स्थितींचा आहे, सलामीच्या खेळ्यांचा नव्हे. मोहरे देऊन मात करण्याची युक्ती जुन्या खेळास ठाऊक होती. अरबांच्या दिलारामच्या कथेत तर दोन्ही हत्ती देऊन मात होते. मात्र हे सारे डावाच्या शेवटी. आरंभी वजीर तिरपे एकच घर जाई, प्यादे एकच घर सरके. दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यासच वेळ लागे. तेथे घाई करून मिळवायचे काय?

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर व उंट यांना लांब पल्ल्याची चाल मिळाली, आणि पटावर वेळेस किंमत आली. एक प्यादे देऊन दोन खेळ्यांची आघाडी घेणे परवडू लागले. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली अशा डावास कुस्तीतील एक इटालियन शब्द लावला. त्याचा अर्थ पायात पाय घालून पाडणे. आजचा 'गँबिट' तो हाच. आपल्या आखाड्यांत टांग म्हणतात, तिचाच हा भाऊबंद. त्या शब्दात त्याग नाही, पुण्य नाही. आहे ती निव्वळ हिकमत.

आता आपल्या देशातील गोष्ट. कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते. खेड्यात एक ब्राह्मण आहे व तो कोणास हरत नाही, असे तेथील बुद्धिबळ मंडळाच्या एका सभासदास कळले. ते महेशचंद्र बॅनर्जी. दोघांनी शेकडो डाव खेळले. १८४८ सालच्या एका डावात कॉक्रेनच्या घोड्याने तिसऱ्या खेळीस काळ्या राजासमोरचे प्यादे मारले; बॅनर्जींनी वजिराचे प्यादे सरकवून त्यास हुसकावले. घोड्याने मुकाट्याने मागे फिरावे अशी ही स्थिती. तो फिरला नाही. त्याने राजाकडील उंटासमोरचे प्यादे मारले, आणि राजाने त्यास खाल्ले. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी, आणि काळ्या राजाचा किल्लेकोट कायमचा गेला. हा 'कॉक्रेन गँबिट' १९९९ साली लिनारेस येथे टोपालोव्हने क्रामनिकविरुद्ध खेळला. डाव बरोबरीत सुटला.

आमचे म्हणणे असे, की या कल्पनेचे श्रेय एकट्या कॉक्रेनचे नव्हे. तोडीचा प्रतिस्पर्धी समोर नसता तर घोडा देण्याची गरजच कोठे होती? देशी नियमांनी वाढलेला एक खेडूत परक्या नियमांनी खेळू लागला आणि त्याने बॅरिस्टरास विचार करावयास लावला. तरी नाव राहिले ते देणाराचे. घेणारा तळटीपेत गेला. सारे आपलेच म्हणणे जसे खोटे, तसेच हे विस्मरणही अन्यायाचे.

आणि तो 'बलिदान' शब्द! आमच्या जोयडा तालुक्यास पूर्वी सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील धरण १९८७ साली पुरे झाले. सुपा गाव पाण्याखाली गेले, कित्येक कुटुंबे रामनगरास जाऊन वसली. अशा लोकांच्या 'त्यागा'चा गौरव सभांतून पुष्कळ होतो. त्याग करणारा स्वतः देतो. येथे पट मांडणारे निराळे होते. म्हणून वर्गात आम्ही हल्ली 'घोडा दिला' एवढेच म्हणतो, बलिदान म्हणत नाही. काही पालकांस हा शब्दांचा कीस वाटतो. वाटो.

तो डाव त्या नववीतल्या मुलाने गमावला, हे सांगावयाचे राहिलेच. घोडा देऊन झाल्यावर वजीर बाहेर काढावयाचा, तर तो कडेची प्यादी सरकवीत बसला.