बंदूक दिसली, कायदा आला

रात्रपाळी सुटली की आमच्या खोलीवर वाद पेटतो. भिंतीवर ब्लॅक पँथरांचा फोटो आहे. पोरं म्हणतात, मोर्चात खांद्यावर बंदूक दिसली की सत्ता टरकते. टरकते, कबूल. पण टरकलेली सत्ता पुढं काय करते, ते बोला की!

१९६६ साली अमेरिकेत, ओकलंड शहरात, ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हा पक्ष काढला. पोलिसांच्या गाडीमागं ही पोरं फिरायची. बरोबर भरलेली बंदूक आणि कायद्याचं पुस्तक. काळ्या माणसाला पोलीस अडवतोय, मारतोय, तर अंतर राखून उभं राहायचं. कॅलिफोर्नियात तेव्हा बंदूक उघड बाळगणं कायदेशीर होतं. म्हणून तर मलफर्ड नावाच्या आमदारानं ते मोडणारं बिल आणलं.

२ मे १९६७. बिलाला विरोध करायला सीलबरोबर तीसेक जण, त्यात बायासुद्धा, बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. सीलनं निवेदन वाचलं. ते ऐकलं किती जणांनी? बंदूक मात्र अख्ख्या देशानं पाहिली. अटका झाल्या. २८ जुलैला गव्हर्नर रेगननं बिलावर सही ठोकली. आणि बंदुकीच्या हक्काचा डंका पिटणारी नॅशनल रायफल असोसिएशन? तिनं या बंदीला पाठिंबा दिला! हक्क सगळ्यांचा, पण काळ्या हातात दिसेपर्यंतच.

कुणी म्हणेल, बिल तर आधीच आलं होतं. खरंय. पण ते अडवायला गेलेल्यांनीच त्याला मागून धक्का दिला.

गोऱ्यांचं तरी काय झालं? ३० एप्रिल २०२० ला मिशिगनच्या विधानभवनात लॉकडाऊनविरोधी गोरे रायफली घेऊन शिरले. कायद्यानं तेव्हा मुभा होती. जानेवारी २०२१ मध्ये त्याच इमारतीत उघडी बंदूक बंद झाली. हक्क वाढला नाही, आक्रसला.

१९७२ साली आपल्या मुंबईत पँथरचं नाव घेतलं गेलं. नाव घेतलं, तर पुस्तकही घ्या. १९२७ ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी चिडलेल्यांना आवरलं. ती भीती नव्हती गड्यांनो. चवदार तळ्याचा खटला ते लढले आणि १९३७ ला हायकोर्टात जिंकले. ते पाणी अजून आपलं आहे.

फोटो राहू द्या भिंतीवर. पण बंदुकीबरोबरचं ते पुस्तकही आठवा.